विश्लेषण : कंपनी गेली, ‘तवेरा’ राहिली… खान्देशातील चालकांचा हिशेब काय सांगतो?

लग्नसराईत धुळे-जळगाव महामार्गावर पारोळा किंवा एरंडोलच्या आसपास थोडा वेळ उभे राहिले, तरी एखादी तवेरा दिसतेच. टपावर कॅरियर, मागच्या काचेवर कुलदैवताचे नाव, क्रमांकपट्टीवर एमएच-१८ किंवा एमएच-१९ आणि समोरच्या जाळीवर सोनेरी, आडव्या अधिकचिन्हासारखी खूण. ही खूण शेव्हर्लेची. या नावाची एकही नवी गाडी २०१७ नंतर भारतात विकली गेलेली नाही. शोरूमच्या पाट्या उतरल्या, कारखाने दुसऱ्यांच्या ताब्यात गेले. गाडी मात्र वऱ्हाड घेऊन अजून धावते आहे.

कंपनीने एखादा ब्रँड बंद केला की बातमी येते ती कारखान्याची, कामगारांची, गुंतवणुकीची. ती गाडी ज्याच्या दारात उभी आहे त्याचे काय होते, याची बातमी सहसा होत नाही. कारण त्याचे नुकसान एका दिवसात होत नाही. ते हप्त्याहप्त्याने, एकेका सुट्या भागाने होते. जळगाव-धुळ्यात हे नुकसान कोणाच्या वाट्याला आले आणि कोणी ते कसे टाळले, हे पाहण्यासारखे आहे. शिवाय सुरुवातीच्या काळातील तवेरा आता पंधरा-वीस वर्षांच्या झाल्या आहेत. त्यामुळे ‘ठेवायची की काढायची’ हा प्रश्न पुन्हा उभा राहिला आहे.

नेमके काय बंद झाले?

अमेरिकेतील जनरल मोटर्स (जीएम) ही कंपनी ‘ब्रँड बंद करणे’ या प्रकाराला नवखी नाही. ओल्ड्समोबाइल हे शंभरी ओलांडलेले नाव तिने २००४ मध्ये संपवले. जून २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केल्यानंतर पॉन्टियाक, सॅटर्न, हमर आणि साब ही चार नावे तिने एकतर बंद केली किंवा हातावेगळी केली.

भारतातही तिने हे दोनदा केले. नव्वदच्या दशकात हिंदुस्थान मोटर्सबरोबर भागीदारी करून ती गुजरातमधील हालोल येथे आली आणि १९९६ पासून ‘ओपेल’ या जर्मन नावाने गाड्या विकू लागली. आधी अॅस्ट्रा, मग कोर्सा. २००३ मध्ये तिने ‘शेव्हर्ले’ हे दुसरे नाव आणले आणि २००६ मध्ये ओपेलला भारतातून निरोप दिला. शेव्हर्लेच्या नावाखाली ऑप्ट्रा, तवेरा, स्पार्क, क्रूझ, बीट, सेल, एन्जॉय अशी रांग लागली. २००८ मध्ये पुण्याजवळ तळेगाव येथे दुसरा कारखाना सुरू झाला.

जुलै २०१५ मध्ये भारतात एक अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा झाली. दोन वर्षेही पूर्ण झाली नाहीत तोच, १८ मे २०१७ रोजी, वर्षअखेरपर्यंत भारतातील विक्री थांबवणार असल्याचे कंपनीने जाहीर केले. तोवर देशातील बाजारात तिचा वाटा एक टक्क्याच्याही खाली गेला होता. तळेगावात निर्यातीसाठी उत्पादन सुरू राहिले, तेही डिसेंबर २०२० मध्ये थांबले. हजाराहून अधिक कामगारांचा लढा त्यानंतर बराच काळ चालला.

ओपेल गेली तेव्हा आणि शेव्हर्ले गेली तेव्हा : फरक काय?

अमेरिकेत पॉन्टियाक बंद झाली तेव्हा तिचा मालक दुरुस्तीसाठी शेव्हर्लेच्या किंवा ब्युइकच्या दालनात जाऊ शकत होता. कंपनी तीच, नाव वेगळे. भारतात २००६ मध्ये कोर्साच्या मालकालाही तीच सोय होती : ओपेलची पाटी उतरली, पण त्याच कंपनीची शेव्हर्लेची पाटी शेजारी होती. २०१७ मध्ये मात्र मागे कोणीच उरले नाही. नाव बदलले नव्हते, घरच मोडले होते.

मॉडेल बंद होणे आणि ब्रँड बंद होणे यांतही असाच फरक आहे. टाटा सुमो १९९४ मध्ये आली आणि २०१९ मध्ये थांबली. ‘टेल्को’चे सुमंत मुळगावकर यांच्या नावावरून तिचे नाव पडले, असे सांगितले जाते. मारुती ओम्नीही २०१९ मध्येच गेली. नवे सुरक्षा निकष आणि पाठोपाठ आलेले ‘बीएस-६’ त्यांना झेपणारे नव्हते. टोयोटाची क्वालिस तर खपत असतानाच २००५ मध्ये बंद करून कंपनीने इनोव्हा आणली. पण सुमोवाल्याला टाटाचे, ओम्नीवाल्याला मारुतीचे आणि क्वालिसवाल्याला टोयोटाचे दार उघडे होते. तवेरावाल्याला नव्हते.

(एक गंमत. मॅटाडोर बंद होऊन पाव शतक लोटले, तिची मूळ कंपनी बजाज टेम्पोचेही नाव २००५ मध्ये बदलून फोर्स झाले; तरी माल भरायची कोणतीही छोटी गाडी आली की ‘मॅटाडोर आली’ म्हणणारे आजही भेटतात. शेव्हर्लेच्या नशिबी हे नाही. तवेराला तवेराच म्हणतात, आणि तिच्या कंपनीचे नाव विचारले तर अनेकांना दोनदा आठवावे लागते.)

तवेरा खान्देशात का रुजली?

खान्देशची वाहतूक तीन गोष्टींवर चालते : रेल्वे, एसटी आणि काळी-पिवळी. जिथे पहिल्या दोन्ही पोहोचत नाहीत किंवा वेळेवर पोहोचत नाहीत, तिथे तिसरी. शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या भागांत, सातपुड्याच्या पायथ्याशी, जीप हीच बस होती आणि काही गावांत अजूनही आहे. महिंद्राच्या कमांडर आणि मॅक्स, फोर्सची ट्रॅक्स या गाड्यांनी ही चाकोरी पाडली. तवेरा तीत २००४ नंतर आली, आणि आली ती थोड्या वेगळ्या जागी : काळी-पिवळीपेक्षा आरामाची, इनोव्हापेक्षा स्वस्त.

तिच्यात दहा जणांपर्यंत बसण्याची सोय होती. मागे पाट्यांची स्प्रिंग, खाली ट्रकसारखी स्वतंत्र चेसिस, आणि पुढे इसुझू या जपानी कंपनीच्या आरेखनाचे २.५ लिटरचे डिझेल इंजिन. मुळात ही गाडीच इसुझूच्या ‘पँथर’चा भारतीय अवतार. जोर फारसा नाही, पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना एसी लावून, टपावर सामान बांधून चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढायचा तर असेच संथ, दमाचे इंजिन चालकाला बरे वाटते. जळगाव स्थानकावर उतरून सुमारे ६० किलोमीटरवरील अजिंठा लेणी पाहायला जाणारे पर्यटक, चैत्रात सप्तशृंगीच्या वाटेवर पायी दिंडीमागे सामान घेऊन जाणारे गावकरी, मुक्ताईनगर-शिर्डीचे भाविक आणि लग्नाची वऱ्हाडे या सर्वांसाठी ती सोयीची ठरली. २०२१-२२ च्या एसटी संपात, पाच महिन्यांहून अधिक काळ लाल गाड्या आगारात उभ्या होत्या तेव्हा, गावागावांतील अशाच जुन्या गाड्यांनी रुग्णालय, बाजार आणि परीक्षा निभावून नेल्या. तेव्हा शेव्हर्ले जाऊन चार वर्षे झाली होती.

एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी. खान्देशातील बऱ्याच तवेरा नव्या घेतलेल्या नाहीत. पुण्या-मुंबईत कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांची ने-आण करून, तीन-चार लाख किलोमीटर धावून, दुसऱ्या-तिसऱ्या हाताने त्या तालुक्याच्या गावी आल्या. पुढे जे घडले त्याचा उलगडा इथेच होतो.

बातमी आल्यावर चालकांनी काय केले?

सर्वप्रथम चालक आणि मालक यांत फरक करावा लागतो. पगार आणि भत्त्यावर दुसऱ्याची गाडी हाकणाऱ्याला कंपनी राहिली काय आणि गेली काय, महिन्याच्या हिशेबात फरक पडत नव्हता. त्याची चिंता एकच : मालक गाडी विकून मोकळा झाला तर आपले स्टिअरिंग जाईल. प्रश्न होता तो स्वतःच गाडी चालवणाऱ्या, हप्ते भरणाऱ्या मालक-चालकाचा.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहू. समजा, चोपड्यातील एखाद्याने २०१६ मध्ये पाच वर्षांच्या कर्जावर नवी तवेरा घेतली. सुरुवातीच्या हप्त्यांत व्याज अधिक, मुद्दल कमी फिटते. वर्षभरात कंपनी जात असल्याची बातमी आली. नव्या शेव्हर्ले गाड्याच सवलतीत विकल्या जाऊ लागल्यावर जुनीला कोण विचारणार? गाडीची बाजारातील किंमत शिल्लक कर्जाच्या खाली गेली, तर विकूनही बोजा उतरत नाही. अशा चालकाला गाडी आवडो न आवडो, चालवण्यावाचून पर्याय नव्हता. बाहेरून जी निष्ठा दिसते, तिच्यात असा नाइलाजही मिसळलेला असतो.

ज्यांच्या गाडीवर कर्ज नव्हते, त्यांच्यात दोन तट पडले. एकाने मिळेल त्या भावाने गाडी काढली आणि बोलेरो किंवा अर्टिगा धरली. दुसऱ्याने उलटे गणित केले : भाव पडला आहे तर आणखी एक घ्यावी. चालत्या गाडीसाठी दुसरी, अपघातात सापडलेली किंवा कागद संपलेली तवेरा स्वस्तात घेऊन गॅरेजमागे उभी करायची आणि लागेल तसा एकेक भाग काढत जायचा, ही जुनी रीत आहे. अॅम्बेसिडर आणि प्रीमियर पद्मिनी याच रीतीने कारखाना बंद पडल्यावरही कित्येक वर्षे चालल्या. हिंदुस्थान मोटर्सने अॅम्बेसिडर मे २०१४ मध्ये थांबवली. पद्मिनीचे उत्पादन तर २००० च्या सुमारासच संपले होते, तरी मुंबईतील टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली.

या सगळ्यात एक जुना राग होता, त्याचाही उल्लेख व्हायला हवा. जुलै २०१३ मध्ये जीएमने २००५ पासून बनवलेल्या सुमारे १ लाख १४ हजार तवेरा परत बोलावल्या होत्या. उत्सर्जन निकषांच्या चाचणीत गैरप्रकार झाल्याचे कंपनीने स्वतःच सरकारला कळवले, काही कर्मचाऱ्यांना काढले, सरकारने चौकशी समिती नेमली. गाडीवर पोट असलेल्या माणसाला धुरातील कणांचे प्रमाण फारसे सतावत नाही. पण आपण घेतलेली गाडी कागदावरील गाडीपेक्षा वेगळी होती, ही गोष्ट सतावते. चार वर्षांनी कंपनीच निघाली, तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटले नाही ते यामुळे.

विक्रेत्यांचेही हाल झाले. भरपाई तुटपुंजी असल्याची तक्रार करत वितरकांनी २०१७ मध्ये आवाज उठवला. कंपनी निघून गेल्यास वितरकांना संरक्षण देणारा कायदा हवा, ही वाहन वितरकांच्या ‘फाडा’ या महासंघाची मागणी तेव्हापासून अधिक जोराने होऊ लागली. पुढे फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये, आणि निस्सानने ‘डॅटसन’ या नावापुरता एप्रिल २०२२ मध्ये, तोच मार्ग धरला.

सुटे भाग आता कुठून येतात?

वाहन कंपनी गाडीतील बहुतेक भाग स्वतः बनवत नाही; ती जोडणी करते. क्लच प्लेट, ब्रेकचे लायनिंग, फिल्टर, बेअरिंग, बेल्ट, बल्ब, बॅटरी, शॉक अॅब्सॉर्बर हे सगळे वेगळ्या कारखान्यांतून येते. गाडीची कंपनी गेली तरी हे कारखाने जात नाहीत. रस्त्यावर गाड्या पुरेशा असतील तोवर ते माल बनवत राहतात. तवेरा मोठ्या संख्येने विकली गेली होती, म्हणून तिचा हा झिजणारा माल आजही जळगाव-धुळ्याच्या दुकानांत मिळतो, नसेल तर एक-दोन दिवसांत मागवता येतो.

अडचण येते ती फक्त त्याच गाडीला बसणाऱ्या भागांची : बंपर, दिव्याचा संच, दरवाजा, काच वर-खाली करणारी यंत्रणा, डॅशबोर्ड, वायरिंग. हे कंपनीच्याच नावाने येत. साठा संपला की मुंबईत कुर्ल्याचा किंवा दिल्लीत काश्मिरी गेटचा बाजार, आणि तिथेही नाही मिळाले तर ‘कटिंग’चा, म्हणजे मोडीत काढलेल्या गाडीतून काढलेला, माल. एखादा सातशे-आठशे रुपयांचा भाग आणायला गाडी तीन दिवस उभी राहिली आणि ते तीन दिवस लग्नाच्या तिथीचे असले, तर खरी किंमत त्या भागाची नसते, बुडालेल्या भाड्यांची असते. शहरात स्वतःच्या वापरासाठी गाडी ठेवणाऱ्याला आणि तिच्यावर पोट असणाऱ्याला एकच बिघाड वेगवेगळा का दुखतो, ते यावरून कळावे.

खान्देशाला इथे एक वेगळी मदत झाली. कापसाचे जिनिंग, डाळमिल, विहिरीवरचे पंप, केळीच्या बागांचे ठिबक, ट्रॅक्टरची अवजारे या सर्वांमुळे तालुक्याच्या गावीही लेथवाला आणि वेल्डर असतोच. घासलेला बुश नवा घडवणे, तुटलेला ब्रॅकेट जोडणे, पाट्यांना नवे पान टाकून गाडी उचलणे ही कामे इथे शेतीच्या यंत्रांवर रोज होतात. त्यांना तवेरा म्हणजे काही वेगळी जात नाही. इसुझूच्या इंजिनाशी जुन्या फिटरांची ओळखही आधीपासूनची : हिंदुस्थान मोटर्स आपल्या अॅम्बेसिडर आणि कॉन्टेसात इसुझूचीच इंजिने बसवत असे.

मात्र एक धोका इथेच आहे. भंगारातील गाडीचे अख्खे इंजिन काढून आपल्या गाडीत बसवणे ही फिटरच्या दृष्टीने दोन दिवसांची सोपी गोष्ट. कायद्याच्या दृष्टीने नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि इंजिनाचा क्रमांक आरसी पुस्तकावर असतो. क्रमांक जुळला नाही तर पासिंग अडते. अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडू शकतो. बिलाशिवाय घेतलेला कटिंगचा माल चोरीच्या गाडीचा निघाला, तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाते. म्हणून साध्या कोऱ्या कागदावर का होईना, विकणाऱ्याची सही आणि ज्या गाडीतून भाग काढला तिचा क्रमांक घेऊन ठेवणे शहाणपणाचे.

तवेरा चालते, मग बीट का थांबते?

शेव्हर्लेच्या सगळ्याच गाड्यांचे नशीब सारखे नाही. जुन्या २.५ लिटरच्या तवेरात इलेक्ट्रॉनिक्स नावापुरते. इंजेक्शन पंप बिघडला तर पंपवाला तो खोलतो, भाग बदलतो, यंत्रावर लावून मेळ बसवतो. नंतरच्या बीट, सेल, एन्जॉय, क्रूझ या गाड्यांची डिझेल इंजिने संगणकाच्या हुकमतीवर चालतात. एखादा सेन्सर चुकीचा आकडा देऊ लागला की गाडी जोर सोडते आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. तो दिवा का लागला हे कान लावून कळत नाही. त्यासाठी स्कॅनर लागतो, आणि काही कामांसाठी कंपनीचेच सॉफ्टवेअर.

सेल आणि एन्जॉयच्या १.३ लिटर डिझेल इंजिनाला थोडा आधार आहे. हे इंजिन फियाटच्या ‘मल्टिजेट’ कुळातील. त्याच कुळातील इंजिने मारुतीच्या स्विफ्ट-डिझायरमध्ये आणि टाटाच्या व्हिस्टात होती. त्यामुळे फिटरला ते ओळखीचे वाटते आणि आतील काही काम सोपे होते. पण ओळखीचे म्हणजे तेच नव्हे. बाहेरचे पाइप, सेन्सर, वायरिंग, संगणक वेगळे. इंजिन ठणठणीत आणि एका छोट्या इलेक्ट्रॉनिक डब्यासाठी गाडी दोन महिने झाडाखाली, असे प्रकार या गाड्यांत होतात.

स्कॅनर आणि सुटे भाग बाहेरच्या गॅरेजला का मिळत नव्हते, याचा इतिहास जुना आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ वाहन कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आरोप हाच होता : मूळ सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधने या कंपन्या खुल्या बाजारात येऊ देत नाहीत, आणि ग्राहकाला आपल्याच सेवा केंद्राशी बांधून ठेवतात. त्या १४ जणांत जनरल मोटर्सही होती. दंडाचे प्रकरण पुढे अपिलांत गेले. ज्या कंपनीने माहिती स्वतःकडे राखली, ती निघून जाताना माहितीही बरोबर नेते. मागे उरलेल्या फिटरला कोड फोडत बसावे लागते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात वाहने हे एक क्षेत्र धरले. पण त्यातून बंद पडलेल्या कंपनीचे सॉफ्टवेअर अमळनेरच्या गॅरेजपर्यंत पोहोचलेले नाही.

विम्यातील मेख कोणती?

या विषयात सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट ही. ब्रँड बंद झाला म्हणून विमा नाकारता येत नाही. ‘थर्ड पार्टी’ विमा तर बंधनकारकच आहे. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा ‘आयडीव्ही’ या आकड्यावर चालतो, म्हणजे विमा कंपनीने मान्य केलेली गाडीची किंमत. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीसाठी घसाऱ्याचा ठरलेला तक्ता असतो. पाच वर्षांवरील गाड्या आणि उत्पादन बंद झालेली मॉडेल यांसाठी मात्र ही किंमत विमा कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची, असा नियम आहे. व्यवहारात एजंट संगणकावर दिसणारा आकडा सांगतो आणि मालक हप्ता कमी बसतो म्हणून खूश होऊन सही करतो.

त्याचा फटका अपघातात बसतो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, तर गाडी दुरुस्तीपलीकडची धरली जाते. समजा, आयडीव्ही १ लाख ६० हजार आहे. मग सव्वा लाखाच्या दुरुस्तीतही गाडी ‘टोटल लॉस’. समोरचा पत्रा, रेडिएटर, दिवे आणि काच एवढे गेले, आणि ते भाग दुर्मीळ म्हणून महाग असतील, तर हा आकडा गाठणे अवघड नाही. हातात पैसे येतील ते दीड लाखाच्या आसपास. तेवढ्यात भाड्याने चालवण्याजोगी दहा आसनी गाडी मिळत नाही. चालक म्हणून गाडी गमावतो आणि धंदाही. विमा नूतनीकरणाच्या वेळी आयडीव्हीवर घासाघीस करणे हा मालकाचा हक्क आहे. हप्ता थोडा वाढेल, पण तोच भरण्यासारखा आहे.

पंधरा वर्षे झाली की गाडी मोडीत काढावीच लागते का?

नाही. गावागावांत ही अफवा फार आहे, कारण बातम्या दिल्लीच्या येतात. दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवरील बंदी राजधानी परिसरातील आहे. पंधरा वर्षांवरील गाड्यांची नोंदणी रद्द करण्याचा एप्रिल २०२३ पासूनचा नियम सरकारच्या स्वतःच्या गाड्यांना लागू आहे. खान्देशातील पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी तपासणी करून पाच वर्षांसाठी नव्याने मिळते. पिवळ्या पाटीच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंग करावे लागते.

खर्च मात्र वाढला आहे. खासगी चारचाकीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५ हजार रुपये झाले, आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील गाडीसाठी १० हजार. त्यावर राज्याचा पर्यावरण कर, पीयूसी आणि एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना लागणारी उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी. या पट्टीसाठी कंपनीच्या शोरूमची गरज नाही. राज्याने नेमलेल्या संस्था ती बसवतात, त्यामुळे शेव्हर्ले बंद आहे म्हणून कोणाचे अडत नाही. नोंदणीकृत केंद्रात गाडी मोडीत काढली, तर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. पण नवी गाडी घेणाऱ्यालाच ती उपयोगी. जुनी काढून जुनीच घेणाऱ्याला नाही, आणि खान्देशात दुसरा वर्ग मोठा आहे.

मग तोटा कोणाच्या वाट्याला?

गाडीच्या पहिल्या मालकाने ती २०१७ पूर्वीच विकली असेल, तर त्याला काही कळलेही नाही. दुसऱ्याने थोडा भाव सोसला. उरलेला सगळा भार येतो तो शेवटच्या मालकावर : ज्याच्यानंतर घेणारा कोणी नाही, भंगारवाला सोडून. डेट्रॉइटमध्ये झालेला निर्णय पुण्याच्या ट्रॅव्हल एजन्सीवरून घसरत घसरत साक्रीच्या किंवा यावलच्या चालकापाशी येऊन थांबला. जुनी, बंद ब्रँडची गाडी स्वस्त मिळते याचे कारण हेच, की विकणारा आपला उरलेला तोटाही तिच्याबरोबर विकत असतो. हे जाणून घेणारे तरले. ज्यांनी भाव पडल्यावर साधी, यांत्रिक तवेरा निवडून घेतली आणि जोडीला एक मोडकी ठेवली, त्यांनी त्याच किमतीत दुप्पट वर्षे काढली. ज्यांनी दिसायला नवी म्हणून पडत्या भावात क्रूझ किंवा बीट घेतली, त्यांच्यातील अनेकांची गणिते सेन्सरपाशी अडली.

पुढची गाडी घेताना या अनुभवाचा परिणाम दिसतो. स्टँडवरील चर्चेत मायलेज आणि आसनांच्या आधी आता एक प्रश्न येतो : तालुक्याला हिचा माणूस आहे का? म्हणजे सेवा केंद्र नव्हे. भाग ठेवणारा दुकानदार आणि ती खोलू शकणारा फिटर. बोलेरो, इको, अर्टिगा या गाड्यांचे इकडे एवढे का चालते, याचे बरेचसे उत्तर त्यात आहे. परदेशी नावाची नवी, देखणी गाडी कितीही सवलतीत मिळो, पिवळी पाटी लावायची असेल तर चालक आधी दुसऱ्या कोणाला तरी घेऊ देतो आणि दोन-चार वर्षे वाट पाहतो.

हालोलच्या कारखान्यात आता एमजीच्या गाड्या बनतात. तळेगावचा कारखाना आधी चीनच्या ग्रेट वॉलकडे जाणार होता. तो करार २०२२ मध्ये मोडला, २०२३ मध्ये ह्युंदाईने तो घेतला आणि २०२५ मध्ये तिथून तिच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. शेवटच्या खेपेतील, २०१७ मध्ये नोंदलेल्या तवेरांची पंधरा वर्षे २०३२ मध्ये भरतील. पांढऱ्या पाटीच्या गाडीची तपासणी तेव्हा नीट झाली, तर पुढची पाच वर्षे तिची.